हे लिहू नका

माझ्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला तो माझ्या हौसेने नव्हे. साठी जवळ आली की माणसं घरातल्या वस्तू कमी करायला लागतात, आणि मी भिंत फोडून नवे पॉइंट काढून घेत होते. पण पेशंट बदलले होते. आयटीतली मुलं तपासून झाली की विचारायची, "मॅडम, याची सॉफ्ट कॉपी मिळेल ना?" मी हाताने लिहिलेली चिठ्ठी पुढे केली की ती आधी चिठ्ठीकडे बघायची आणि मग माझ्याकडे. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला इतकी वर्षं माझं अक्षर वाचता येत होतं. त्याचा मुलगा गल्ल्यावर बसायला लागल्यापासून येईनासं झालं. शिवाय माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखायला लागला होता. डॉक्टरने स्वतःच्या सांध्याची तक्रार केली तर ऐकायला कुणी नसतं. मी सॉफ्टवेअर घेऊन टाकलं.

सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. बाहेर बाकं आणि काउंटर, आत मी, मध्ये हिरवा पडदा. काउंटरवर बसणारी ताई दवाखाना उघडल्यापासून माझ्याकडे आहे. तिच्या पाठीमागच्या कपाटात पाकिटं असायची. घरटी एक पाकीट. वर घरच्या कर्त्या माणसाचं नाव आणि आत सगळं घर: आजोबांची साखर, सुनेचं थायरॉइड, नातवाच्या लसी, सगळं एकाच टाचणीला. मला माणूस आठवायचा तो त्याच्या घरासकट. खोकला कुणाचाही असो, पाकीट उघडलं की त्या घरात सिगरेट कोण ओढतं ते मला आधी दिसायचं.

पण खरा माल पाकिटात नसायचाच. आमच्याकडे पेशंट खरं दुखणं सांगतो ते उठल्यावर. सर्दी सांगून होते, गोळ्या लिहून होतात, पडद्याला हात घातला जातो, आणि मग वळून, आवाज खाली आणून तो म्हणतो, "आणि डॉक्टर, अजून एक होतं. पण हे लिहू नका." लोणी काळभोरहून एक आई मुलीला घेऊन यायची. मुलीला बाहेर बसवून म्हणायची, "म्याडम, पोरीचं लगीन ठरत हाय. ह्ये फिटचं कागदावर नका घिऊ." सासू बाहेरच्या बाकावर बसलेली असताना सुना आत येऊन काय काय सांगायच्या. एक निवृत्त साहेब दर महिन्याला दारू सुटल्याचं बायकोदेखत सांगायचे, आणि मग छत्री विसरली म्हणून एकटे परत आत यायचे.

मी लिहीत नसे. मी पेनाला टोपण लावलं की समोरचा बोलायला लागायचा, इतकं ते ठरून गेलं होतं. कुठल्या पुस्तकात हे शिकवत नाहीत, पण फॅमिली डॉक्टर म्हणतात तो हाच. आता हे सगळं ठेवायचं कुठे, तर माझ्या डोक्यात. मी मंडईत गेले की समोरून येणाऱ्या माणसाचं नाव आठवायच्या आधी त्याचं लपवलेलं दुखणं आठवायचं. लग्नाच्या पंगतीत नवऱ्याच्या डावीकडे बसलेल्या बाईला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचा हिशेब मनात ठेवून मी जिलबी खायचे. पंचवीसेक वर्षं त्याचं काही वाटलं नाही. मग वाटायला लागलं. मी दमले होते, आणि खरं सांगायचं तर मला विसरायची परवानगी हवी होती. कॉम्प्युटर घेताना मनात एक विचार हाही होता की आता सगळं त्यात लिहीन आणि माझं डोकं रिकामं होईल.

शिकवायला कंपनीने एक मुलगी पाठवली. यवतमाळकडची होती, धायरीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि सिंहगड रस्त्यावरून स्कूटर हाणत यायची. तिला कंटाळा कसला तो माहीत नव्हता. "मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ ना. एकदा हात बसला की सगळं सोपं होऊन जाते," असं ती दर अर्ध्या तासाने म्हणायची. ताईने तिला विचारलं, "आणि नाही बसला तर?" त्यावर ती मनापासून हसली. ताई विनोद करत नव्हती.

पहिला प्रश्न निघाला तो मोबाइल नंबरचा. या यंत्रात घर नसतं. माणूस सुटा असतो, आणि तो सापडतो त्याच्या नंबरावर. नंबर नसेल तर नोंदच होत नाही. आता पेठेतल्या म्हाताऱ्या माणसांना नंबर विचारा. "लिहा," असं म्हणून ती मुलाचा नंबर सांगतात. स्वतःचा फोन पिशवीत वाजत असला तरी मुलाचाच सांगतात. बँकेत तोच, गॅसला तोच, दवाखान्यात तोच. एक तर आलेले कोड आणि निरोप त्यांना वाचता येत नाहीत, आणि दुसरं म्हणजे मुलाचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवण्यात त्यांना एक समाधान असतं. तेव्हा एकेका नंबराखाली आख्खं कुटुंब गोळा व्हायला लागलं. ताई घाईत यादीतल्या भलत्याच नावावर बोट ठेवायची. एकदा मी नव्वदीच्या आजोबांना तपासत होते आणि कॉम्प्युटरचा पडदा मला त्यांच्या शेवटच्या पाळीची तारीख विचारत होता. ती भरल्याशिवाय पुढे सरकेना. आजोबांना मी काही बोलले नाही; त्यांनी तारीखही सांगितली असती.

नाकापेक्षा मोती जड झाला होता. सकाळी बाकं भरलेली, आत मी चौकटी भरतेय, आणि ताई बाहेरून ओरडतेय की नेट गेलं. तरी मी हट्टाने सगळं लिहीत गेले. त्या मुलीने जाताना सांगितलं होतं, "आणि मॅडम, सेव्ह केलं ना, की पेशंटच्या मोबाइलवर त्याची कॉपी आपोआप जाते. पेशंट एकदम खूश होऊन जाते." मला ती सोय चांगली वाटली. चिठ्ठी हरवली म्हणून परत येणारे कमी झाले होते.

बाईंचं सांगायचं ते आता येतं. बाई म्हणजे शाळेत आम्हाला शिवण शिकवणाऱ्या बाई. मी केलेली काजं उसवून त्यांनी पुन्हा करायला लावलेली मला आठवतात, आणि दुसऱ्यांदाही ती वाईटच झाली हेही त्यांनी वर्गात सांगितलेलं आठवतं. पुढे मी डॉक्टर होऊन त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी दवाखाना काढला आणि त्या माझ्याकडे येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "टाके घालतेस का गं? मग दुसऱ्याकडे जाते." मी त्यांना अहो बाई म्हणते, त्या मला अगं म्हणतात. नवरा गेल्यापासून त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात एकट्या राहत होत्या. इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा धायरीला मोठ्या संकुलात राहतो, तिथे सगळं आहे. तो बरीच वर्षं मागे लागला होता, आई, आता चल. बाई म्हणायच्या, "तिथे काय आहे? लिफ्ट आहे. मग काय लिफ्टमध्ये बसून राहू?"

इथे त्यांचं सगळं पायाखाली होतं. सकाळी दूध आणि फुलं, अकराला वाचनालय, संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीबरोबर ओट्यावर तासभर. घरात शिवणयंत्र, आणि गल्लीतल्या मुलींचे ब्लाउज आत घ्यायचे-सोडायचे असले की त्या बाईंकडेच यायच्या. त्या घरात त्यांना कुणी 'काय करतेस?' असं विचारत नव्हतं. बाईंना जपायचं होतं ते एवढंच. आणि एक गोष्ट त्या मला पुन्हा पुन्हा सांगायच्या की मी एकदा पडले असं त्याला कळलं की माझं इथलं संपलं.

त्या वर्षी श्रावणात बाई नेहमीसारख्या बीपी दाखवायला आल्या. ताईने त्यांची नवी नोंद केली तेव्हा त्यांनीही मुलाचा नंबर ठणठणीत आवाजात म्हणून दाखवला. वर म्हणाल्या, "माझ्या फोनवर नुसतं कर्ज घ्या, कर्ज घ्या असं येतं. मला कशाला कर्ज?" आत आल्या, तपासून झालं, उठल्या. पडद्यापाशी जाऊन वळल्या.

"अगं, दोनदा गरगरलं. एकदा वाळत घालायच्या काठीने कपडे काढत होते, तिथेच खाली बसले. म्हणजे पडलेच. उठायला जरा वेळ लागला. हे लिहू नकोस."

मी त्यांना परत बोलावून झोपवलं, आडवं असताना बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. उभ्याने बरंच खाली येत होतं. जी गोळी इतकी वर्षं त्यांना सांभाळत होती तीच आता त्यांना पाडत होती. मी ती निम्मी केली, रक्त तपासायला सांगितलं, उठताना आधी बसा, मग धरून उभ्या राहा, डोकं स्थिर झालं की पाऊल टाका, हे दोनदा करून दाखवलं. आणि मी ते लिहिलं. चक्कर, घरात पडणे, एकट्या राहतात. गोळी का कमी केली याचं कारण नोंदवलंच पाहिजे होतं. उद्या मी गावाला गेले आणि बाई दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या, तर त्याने पुन्हा ती गोळी वाढवून ठेवली असती. मी ते बरोबरच केलं, असं मी आजही म्हणेन. मी सेव्ह केलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला तर बाईंचा मुलगा बाकावर बसलेला. ऑफिसला सुट्टी टाकून आला होता. तो कॉलेजात असल्यापासून मी त्याला ओळखते. तो रागावून आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याचे डोळे लाल होते. मोबाइल माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "मॅडम, थँक यू. हे आलं म्हणून कळलं. नाहीतर ती ताकास तूर लागू देत नाही. मी काल रात्री विचारलं तर म्हणाली, कोण पडलं? मी? ती तिथे एकटी पडून राहिली असती आणि मला कळलं असतं दोन दिवसांनी."

त्याला काय सांगायचं? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझी आई असती तर मीही हेच केलं असतं. मी त्याला म्हणाले की गोळी कमी केली आहे, बहुतेक चक्कर थांबेल, दिवसा एखादी बाई ठेवता येईल, पडलं तर दाबायला गळ्यात घालायची घंटी मिळते. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिसरा मजला, मॅडम."

गणपतीच्या आधी बाई धायरीला गेल्या. जायच्या आदल्या दिवशी औषधं न्यायला आल्या, तेव्हा उभ्याच राहिल्या.

"तुला सांगितलं होतं."

"बाई, ते आपोआप जातं हो. मी पाठवत नाही."

"आपोआप? माझ्या वर्गात बाकावर शाईसुद्धा आपोआपच सांडायची."

नंबर तुम्हीच दिलात, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते त्याच म्हणाल्या. "नंबर मीच दिला म्हणा. त्याचा नंबर द्यायला मला बरं वाटायचं." औषधांची पिशवी त्यांनी नीट दुमडून पर्समध्ये घातली आणि ताईला "येते गं" म्हणून गेल्या. मला नाही म्हणाल्या.

त्यानंतर दर महिन्याला मुलगा त्यांना गाडीतून माझ्याकडे आणायचा. धायरीत डॉक्टर काय कमी आहेत? पण तो म्हणायचा, तिचं सगळं रेकॉर्ड तुमच्याकडे आहे. सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून येऊन, पेठेत गाडी लावायला जागा शोधून, तो त्यांना आत आणून बसवायचा आणि शेजारी स्वतः बसायचा. मी विचारायचे, "बाई, कसं आहे?" त्या म्हणायच्या, "छान." चक्कर? नाही. झोप? लागते. भूक? आहे. पाय दुखतात का? नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचे पाय दुखत नाहीत असं मी प्रथमच ऐकत होते. तक्रारीच्या चौकटीत यंत्र मला पर्याय देतं, त्यातला 'तक्रार नाही' हा मी निवडायचे. महिन्यामागून महिने बाईंच्या नावापुढे 'तक्रार नाही'. एवढी स्वच्छ नोंद माझ्याकडे दुसऱ्या कुणाची नव्हती.

यंत्र आलेख काढतं. मुलाला ते आलेख आवडायचे. तो मोबाइलवर बोटाने मोठे करून दाखवायचा. "बघा मॅडम, बीपी एकदम स्टेबल. आता तिला रोज सोसायटीच्या पोडियमवर वॉकलाही नेतो आम्ही." बीपीची रेघ खरोखरच सरळ होती. तिच्या खाली वजनाची रेघ होती, ती उतरत होती. मी रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं करून घेतलं, काही निघालं नाही. मला नवल वाटलं नाही. मी बोट त्या रेघेवर ठेवून विचारलं, "बाई, जेवण कमी झालंय का?" त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही, समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. "नाही हो डॉक्टर," त्या म्हणाल्या. मला अगं सोडून 'हो' लावलं, आणि 'डॉक्टर' म्हणाल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते मला फार लागलं.

पुढच्या वेळी मी मुलाला मुद्दाम काउंटरवर पाठवून दोन मिनिटं काढली आणि म्हणाले, "बाई, मी काही लिहीत नाही. बोला." त्या म्हणाल्या, "तू नाही लिहिलंस तरी ते लिहील. जाऊ दे." मी समजावलं, त्यांना पटलं नाही. त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं.

मग मी ठरवलं की तो नंबर बदलायचा. यंत्रावर बाईंचा स्वतःचा नंबर घालायचा, म्हणजे जे काही जाईल ते त्यांच्याच पर्समध्ये जाईल. ताईने करून पाहिलं, होईना. मी त्या यवतमाळच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "होऊन जाते ना मॅडम, सोपं आहे. फक्त जुन्या नंबरवर कोड जाते, तो टाकावा लागते. सेफ्टीसाठी." मी विचारलं, निरोप जाणंच बंद नाही का करता येणार? तर ते सगळ्या दवाखान्याचंच बंद होतं, एकट्याचं होत नाही. म्हणजे आईचं आईला परत द्यायचं तर मुलाकडूनच परवानगी घ्यायची होती. मी फोन ठेवला आणि बराच वेळ अंगठा चोळत बसले. अशा वेळी मला वाटतं की दवाखाना बंद करावा आणि चार दिवस कुणाचं काही ऐकू नये.

दुपारी मी मुलाला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर आला. मी म्हणाले, "तुझ्या मोबाइलवर एक कोड आलाय बघ. तो मला सांग."

"कशाचा, मॅडम?"

काहीतरी सबब सांगता आली असती. मला त्याचाही कंटाळा आला होता. मी म्हणाले, "आईंच्या नोंदीवरून तुझा नंबर काढतेय. त्यांचा घालतेय. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल, तर तुला न कळता बोलता यावं म्हणून."

मग तो म्हणाला, "तिने असं सांगितलं?"

"नाही. मी सांगतेय."

"मी काय वाईट करतोय का तिचं, मॅडम?"

"नाही रे."

त्याने आकडे वाचून दाखवले, सावकाश, एकेक. मी ते ताईला सांगितले. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "पण काही सिरियस असलं तर मला सांगाल ना? आणि मी असं विचारलं, हे तिला सांगू नका." मी हो म्हणाले. डोकं रिकामं करायला निघाले होते, त्यात आणखी एक भर पडली.

त्या महिन्यात बाई आल्या तेव्हा मुलगा त्यांना दारात सोडून गाडी लावायला गेला. शनिवार होता, जागा मिळायला वेळ लागणार होता. मी बाईंना सांगितलं की आता तुमचा नंबर घातला आहे, कागद तुमच्याच फोनवर येणार, आणि त्याला ते माहीत आहे. त्यांनी पर्समधून फोन काढला, नंबर बदलल्याचा निरोप लांब धरून वाचला, फोन परत ठेवला.

"त्याला विचारून केलंस?"

"हो."

"दिला होकार त्याने?"

"दिला."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, या वेळी हिरव्या पडद्याकडे. मग म्हणाल्या, "अगं, घर दिलं भाड्याने."

माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. वजन सावरलं, चक्कर आटोक्यात आली, दिवसाची बाई मिळाली, तर मुलाशी बोलून त्यांना येत्या दिवाळीपर्यंत परत आणायचं, असं मी मनाशी जुळवत आणलं होतं.

"कधी?"

"झाले बरेच दिवस. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली आहेत. चांगल्या आहेत. मीच सही केली. त्याने जबरदस्ती नाही केली हं. म्हणाला, आई, घर बंद राहिलं की खराब होतं. होतंच की."

"आणि शिवणयंत्र?"

"धायरीला आणलंय. त्याच्यावर सुनेने कुंडी ठेवली आहे. छान दिसते."

मग त्या एकामागून एक सांगत गेल्या, जसं त्या पूर्वी सांगत तसं, कोरडेपणाने. जेवण जात नाही, कारण भूक लागावी असं दिवसभरात काही होतच नाही. रात्री बाथरूमला उठलं की सून जागी होते, तिला सकाळी ऑफिस असतं, म्हणून त्या उठत नाहीत, तशाच पडून राहतात. पाणी कमी पितात, म्हणजे उठायला लागू नये. चक्कर येते. "पण तिथे कुणीतरी लगेच धरतं. काही काळजी नाही." मग म्हणाल्या, "पडायचंच होतं तर माझ्या घरात पडले असते गं."

पाणी कमी म्हणून चक्कर, हे मला तरी औषधाने सोडवता येण्यासारखं होतं. मी त्यांचं बीपी पुन्हा उभ्याने घेतलं आणि गोळी बंदच केली. पाणी दिवसा कसं प्यायचं ते सांगितलं. रात्रीसाठी पलंगाशेजारी ठेवायची कमोडची खुर्ची मिळते तीही सांगितली. हे सगळं सांगताना मला माझाच आवाज लांबून येतोय असं वाटत होतं. शेवटी म्हणाले, "बाई, मी बोलू का त्याच्याशी? त्या मुलींचा करार संपला की..."

"काय बोलशील?"

"तुम्हाला तिथे बरं वाटत नाही म्हणून."

"त्याला वाईट वाटेल. मग तो रजा टाकून माझ्याशेजारी बसेल. मागे एकदा बसला होता. दोन दिवस. काय बोलावं ते आम्हा दोघांनाही कळेना." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "चांगला आहे गं तो. तीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर भांडले असते, आणि घर सोडलंच नसतं."

मला त्यांच्या मुलाचा राग यावा असं वाटत होतं. तो येईना, म्हणून मी जास्तच दमले. बाहेर ताईशी बोलण्याचा त्याचा आवाज आला आणि तो घाम पुसत आत आला.

"सॉरी मॅडम, पार पेरूगेटापर्यंत जावं लागलं गाडी लावायला. काय म्हणतेय आई? काही विशेष?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. टेबलावरच्या यंत्रात तक्रारीची चौकट अजून कोरी होती.

"ठीक आहेत," मी म्हणाले. "गोळी बंद केली आहे, पाणी जास्त प्यायला सांगितलंय."

"ग्रेट," तो म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला. बाईंनी तो धरला. त्या आधी नीट बसल्या, मग उठल्या, आणि डोकं स्थिर होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. तोही त्यांचा हात धरून थांबला. त्याने जराही घाई केली नाही.